इद्दतीचे चार महिने दहा दिवस आणि कायद्याचे सहा महिने

माझे खालू ९ फेब्रुवारी २०२४च्या रात्री गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करायचे. पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी निघाले होते, मागून आलेल्या ट्रकने उडवलं. दवाखान्यात एका प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचं सामान आमच्या हातात दिलं: घड्याळ, किल्ल्या, फुटलेला मोबाइल आणि ३,५०० रुपये रोख. आठवड्याचा पगार होता तो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. घरात इंजिनीअर एकच असला की रेशनकार्डापासून हज कमिटीच्या फॉर्मपर्यंत सगळे कागद त्याच्याकडे येतात. खालूंचे कागदही माझ्याकडेच आले. माझं निम्मं आयुष्य डेडलाइन पाळण्यात जातं आणि घरातली एवढी एकच डेडलाइन माझ्या हातून हुकली. कारण ती आहे हेच मला माहीत नव्हतं.

खाला इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. बकरी ईदच्या आदल्या दिवशी इद्दत संपली. मग शाळा सुरू झाल्या, तिन्ही मुलांच्या फीचा प्रश्न आला. जुलैमध्ये आम्ही कागद गोळा करायला लागलो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, पोस्टमॉर्टेम, ट्रकची आरसी, विम्याची प्रत. एकेका कागदासाठी दोन-दोन चकरा. मी फक्त शनिवारी यायचो आणि शनिवारी नेमका संबंधित माणूस रजेवर असायचा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला २ सप्टेंबर २०२४ला. मुदत ९ ऑगस्टला संपली होती. २४ दिवस उशीर. विमा कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला तेवढंच सांगितलं आणि पुढे अर्ज मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. ट्रक भरधाव होता का, खालूंची काही चूक होती का, ते किती कमवत होते, यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. पुरावा तपासण्याची वेळच आली नाही.

न्यायाधिकरणाला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्यात शब्दच तसे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३)नुसार अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला नसेल तर भरपाईचा अर्ज विचारात घेता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने हे कलम परत आणलं आणि १ एप्रिल २०२२पासून ते लागू झालं.

‘परत आणलं’ म्हणतो, कारण ते आधीही होतं. १९३९च्या जुन्या कायद्यात सहा महिन्यांचीच मुदत होती, पण पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करता यायचा. १९८८च्या कायद्याने ती सवलत आवळली. सहा महिने, आणि फार तर बारा महिन्यांपर्यंत माफी. संसदेलाच लवकर कळलं की यात गरीब माणूस मरतोय. म्हणून १९९४च्या दुरुस्तीत मुदतीचं कलम काढूनच टाकलं. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून सत्तावीस वर्षांहून जास्त काळ रस्त्यावरच्या अपघाताच्या दाव्याला मुदत नव्हती. आता ती परत आली, आणि या वेळी उशीर माफ करण्याची खिडकीही नाही. १९३९च्या जुन्या कायद्याने खालाला जेवढी मुभा दिली असती, तेवढी २०१९च्या आपल्या संसदेने दिलेली नाही.

या कलमाच्या घटनात्मक वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, केवळ १६६(३)ची मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. अंतिम निकाल यायचा आहे. तो काय यावा, याबद्दल मला इथे माझं मत मांडायचं आहे. मी वकील नाही, तेव्हा चुकलो तर आपल्यातल्या वकील मंडळींनी जरूर कान धरावा.

एकच माणूस घ्या, आमच्या खालूंसारखा. समजा तो कारखान्यात मशिनमध्ये सापडून मेला. तेव्हाच्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार त्याच्या बायकोला दोन वर्षं मिळाली असती, आणि पुरेसं कारण असतं तर आयुक्तांना त्यापुढचाही उशीर माफ करता आला असता. समजा तो रेल्वेतून पडून मेला. रेल्वे दावा न्यायाधिकरणात एक वर्ष, शिवाय उशिराला माफी. समजा त्याने घेतलेला फ्रिज बिघडला. ग्राहक आयोगात दोन वर्षं, तिथेही माफीची सोय. आणि समजा त्याने कुणाकडून पैसे उसने घेतले होते. मुदत कायद्यानुसार सावकाराला वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं. फक्त रस्त्यावर ट्रकखाली मेला तर सहा महिने, आणि माफी शून्य. मृत्यू तोच, विधवा तीच, मुलं तीच. फरक एवढाच की तो कुठे मेला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४मध्ये सगळ्यांना समान वागणूक असा भाबडा अर्थ नाही. सरकार गट पाडू शकतं, पण गट पाडण्यामागे कायद्याच्या हेतूशी जोडलेलं काही कारण लागतं. रस्ता, रेल्वे आणि कारखाना यांत असा कोणता फरक आहे की रस्त्यावरच्या विधवेला एक चतुर्थांश वेळ पुरावा? मला तरी सापडलेला नाही.

दुसरं तत्त्व आपल्या घराघरांत गाजलेल्या निकालातून आलंय. २२ ऑगस्ट २०१७चा शायरा बानो निकाल. तिहेरी तलाकवर आपण भरपूर भांडलो, अजूनही भांडतो. पण त्या निकालात न्या. नरिमन यांनी मांडलेला एक मुद्दा तलाकच्या पलीकडचा आहे. संसदेने केलेला कायदाही उघडपणे मनमानी असेल, म्हणजे लहरी, कुठलंही तत्त्व नसलेला, प्रमाणाबाहेरचा असेल, तर तेवढ्या कारणावरून तो अनुच्छेद १४खाली रद्द होऊ शकतो. त्या निकालाकडे फक्त ‘आपल्यावर झालेला निकाल’ म्हणून पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ते हत्यार आपल्याही हातात आहे. आमच्या खालाच्या अपिलात वकिलांनी तोच निकाल जोडला आहे.

आणि अनुच्छेद २१. न्यायालयापर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०१६मध्ये सांगून ठेवलंय.

आता इद्दतीबद्दल. हा मुद्दा मी अजून कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सहा महिने म्हणजे साधारण १८२ दिवस. इद्दतीचे चार चांद्रमास आणि दहा दिवस म्हणजे साधारण १२८. उरले ५४. इद्दतीत गरजेसाठी दिवसा बाहेर पडायला विधवेला मुभा आहे, हे उलमा सांगतात. वकीलपत्रावर तर घरी बसूनही सही करता येते. हे मला माहीत आहे आणि तेव्हाही माहीत होतं. पण ज्या घरात मय्यत झाली आहे, तिथे खालाच्या समोर कागद ठेवून ‘इथे सही कर, इथे अंगठा दे’ म्हणायला कोणाची जीभ वळते? मोठ्यांनी सांगितलं, इद्दत होऊ दे. मीही म्हणालो, होऊ दे. ५४ दिवसांत मग पोलीस ठाणं, दवाखाना, आरटीओ आणि वकील. शिवाय विधवा गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत चालते, म्हणजे कधीकधी सहा महिन्यांच्याही पुढे.

माझं म्हणणं असं नाही की मुसलमान बाईसाठी वेगळी मुदत ठेवा. तसली मागणी मला नको आहे, आणि कुणी ती केली तर टीव्हीवर त्याचं काय होईल हेही मला ठाऊक आहे. म्हणणं एवढंच आहे की ‘पुरेसं कारण’ हे दोन शब्द कायद्यात असते, तर खालाची इद्दत त्यात बसली असती. तशीच ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची गैरहजेरी बसली असती, आणि आठ महिने कोमात असलेल्या जखमीचा उशीरही बसला असता. हा शेवटचा विचार करून पाहा. जखमी माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्याचा हक्क संपलेला असतो.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. मुदतच नव्हती तेव्हा पाच-पाच, सात-सात वर्षांनी दावे यायचे. तोवर गाडी भंगारात, साक्षीदार परगावी, विमा कंपनीने तपासायचं काय? विमा नसलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी उभी करून केलेले बनावट दावेही देशात उघड झाले आहेत. अशा दाव्यांचा बोजा शेवटी प्रत्येक गाडीमालकाच्या हप्त्यावर येतो, माझ्याही. शिवाय मुदतीचा कायदा केवळ कठोर आहे म्हणून न्यायालय तो सहसा रद्द करत नाही, हेही खरं. तेव्हा मुदत ठेवा. वर्ष ठेवा, दोन ठेवा. माझी तक्रार मुदतीबद्दल नाहीच, उशिराचं कारण ऐकूनच घ्यायचं नाही याबद्दल आहे.

आणि बनावट दाव्यांवरचा उपाय त्याच दुरुस्तीत आणि २०२२च्या नियमांत दिलेला आहे. अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं काटेकोर पाळा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं. कायद्यात तर असंही आहे की पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा. म्हणजे नियम पाळला गेला तर खालाला कुठे जायलाच नको. आमच्या बाबतीत तो अहवाल वेळेत गेला की नाही, गेला तर कुठे अडकला, हे दीड वर्ष विचारूनही आम्हाला नीट कळलेलं नाही. पोलिसांनी ९० दिवस चुकवले तर त्याची शिक्षा कुणाला? विधवेला. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग सर्व्हरमध्ये आहे आणि एरर युजरच्या नावावर दाखवतोय.

दावा आत गेला, तरी पुरावा पोहोचतोच असं नाही. कोणता पुरावा न्यायालयापुढे येईल आणि कोणता येणार नाही हे कायदा ठरवतो, आणि या बाबतीत मी सरसकट ‘सगळा पुरावा येऊ द्या’ या मताचा नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचं उदाहरण अलीकडेच वाचलं. अपघातात जखमी झालेल्याने सीटबेल्ट लावला नव्हता, हा पुरावा न्यायालयापुढे आणण्यावर तिथल्या कायद्याने बंधनं घातली होती. २०१६मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्याआधी २००९मध्ये, उपचाराचा खर्च म्हणून फक्त प्रत्यक्ष दिलेली रक्कमच पुराव्यात आणता येईल, असा नियमही याच न्यायालयाने रद्द केला होता. कारण दोन्ही वेळा एकच. न्यायालयात कसा पुरावा यावा हे न्यायालय ठरवेल, विधिमंडळ नाही. गंमत बघा, एक नियम जखमीच्या बाजूचा होता, दुसरा कंपनीच्या बाजूचा, आणि एकाच तत्त्वाने दोन्ही गेले.

आपल्याकडे तो युक्तिवाद चालणार नाही, कारण पुराव्याचा कायदा करण्याचा अधिकार आपल्या घटनेने संसदेला दिलेलाच आहे. आणि खरं सांगायचं तर तो युक्तिवाद मला आवडतही नाही. दार कोणी लावलं यापेक्षा कोणाच्या तोंडावर लावलं हे मला महत्त्वाचं वाटतं.

जुन्या कायद्यात कलम १६३-अ होतं. वर्षाला ४०,००० रुपयांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे भरपाई, आणि चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही. विमा कंपन्या म्हणायच्या, ठीक आहे, त्याने सिद्ध करू नये, पण मेलेल्याचीच चूक होती हे आम्हाला तरी सिद्ध करू द्या. सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ते मान्यही केलं होतं. मग २४ नोव्हेंबर २०१७ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध सुनील कुमार या खटल्यात सांगितलं, नाही. या कलमाखाली कंपनीला चुकीचा बचाव घेताच येणार नाही. घेऊ दिला तर झटपट मदतीच्या कलमाचा पुन्हा वर्षानुवर्षांचा खटला होईल.

इथेही पुराव्याचं दार बंदच केलंय. पण ते कंपनीच्या तोंडावर. तिच्याकडे तपासनीस आहेत, वकिलांचं पॅनेल आहे, आणि तिने या जोखमीसाठी हप्ता आधीच घेतला आहे. कमजोर बाजू उभी राहावी म्हणून बलवान बाजूचा थोडा पुरावा बाहेर ठेवला तर ती समानताच झाली. १६६(३) नेमकं उलटं करतं. ज्याच्याकडे पुरावा गोळा करायची साधनंच नाहीत, त्याचा सगळा पुरावा बाहेर ठेवतं.

१६३-अ आता नाही. त्याच्या जागी कलम १६४ आहे. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. चांगलं आहे, पण वाचताना सावध राहा. ठरलेल्या पद्धतीने हे पैसे स्वीकारले की कलम १६६चा दावा संपतो. पाच लाखांचा धनादेश समोर असतो, घरात पीठ नसतं, सही होऊन जाते. आणि तो दावा किती मोठा असू शकतो, हे त्या घरात कोणी हिशेब करून पाहिलेलंच नसतं.

हिशेब अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत सूत्र घालून दिलंय. शाळेच्या दाखल्याप्रमाणे खालू ४४ वर्षांचे. महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. पक्की नोकरी नसलेला, चाळीस ते पन्नासमधला माणूस, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवा. झाले २,२५,०००. घरात चार अवलंबून, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. राहिले १,६८,७५०. ४१ ते ४५ वयाला गुणक १४. एकूण २३,६२,५००. बाकीच्या किरकोळ रकमा वेगळ्या. आता समजा पगार सिद्ध झाला नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ८,००० धरले. तेच सूत्र लावा, येतात १२,६०,०००. पगाराच्या एका कागदाची किंमत अकरा लाख रुपये.

तो कागद आपल्या माणसांकडे नसतो. मागावरचा कामगार रोखीत, नगावर. विडी वळणाऱ्या बायकांचं पासबुक असतं, पण त्यावरचा आकडा आणि हातातला आकडा जुळेलच असं नाही. रिक्षा, हातगाडी, गॅरेज, चिकनचं दुकान, सगळं रोख. खालूंच्या बाबतीत आम्हाला दोन आधार मिळाले. शेजारच्या मागावर काम करणारे त्यांचे पद्मशाली मित्र साक्षीला तयार झाले. मालक नाही झाला. आणि इन्क्वेस्ट पंचनाम्यात लिहिलेले ते ३,५०० रुपये. हवालदाराने पंचांसमोर मोजून लिहिलेली ती ओळ खालूंच्या आयुष्यातली पहिली पगारपावती ठरली.

वयाचीही गंमत आहे. खालूंच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, वय दोन वर्षांनी जास्त. आपल्या मोहल्ल्यात निम्म्या बुजुर्गांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, हा विनोद आपण नेहमी करतो. त्या विनोदाने गुणक १४चा १३ होतो आणि १,६८,७५० रुपये जातात. सुदैवाने २४ ऑक्टोबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की वयाचा पुरावा म्हणून आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला बरा. आपल्या अब्बांचे दाखले शोधून ठेवा. नगरपालिकेच्या उर्दू शाळांची जुनी रजिस्टरं अजून आहेत, मला खालूंचा दाखला तिथूनच मिळाला.

हेल्मेटचं काय? खालूंनी घातलं नव्हतं. घालायला हवं होतं, आणि हे वाचून तुमच्यातल्या एकाने जरी आजपासून घातलं तरी मला बरं वाटेल. पण हेल्मेट नसणं हा दंडाचा विषय आहे. भरपाई कापायची तर त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एका तरुणाच्या आई-वडिलांची भरपाई दहा टक्के कापली होती. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. तिघे बसणं बेकायदा असेल, पण मागून गाडी धडकण्याशी त्याचा संबंध काय? खालूंच्या पोस्टमॉर्टेममध्ये मार छातीला आणि पोटाला आहे. डोक्यावर काय होतं यावर कितीही उलटतपासणी घेतली तरी छातीवर हेल्मेट घालता येत नाही.

माझ्या धंद्यातली गोष्ट राहिली. अपघाताच्या जागेजवळच्या एका दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे होता. आम्ही विचारायला गेलो तोवर डीव्हीआरवर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं. मोहल्ल्यातल्या एका पोराने दुसऱ्याच दिवशी त्या स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तेवढाच राहिला. तो चार ग्रुपमधून फिरून माझ्याकडे आला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली असा पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. एक भाग तो देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसे. एक बिट बदलला की ठसा बदलतो. तंत्र म्हणून मला ते पसंत आहे, एआयच्या जमान्यात तर हवंच. पण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, ठसा तिथेच बदलतो. त्यामुळे आमच्या व्हिडिओचा ठसा आमच्याच व्हिडिओशी जुळतो, मूळ रेकॉर्डिंगशी नाही.

प्रमाणपत्राची सक्ती जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात. पण त्याच निकालात असंही आहे की मागूनही प्रमाणपत्र मिळत नसेल तर न्यायालयाकडे जा, न्यायालय मागवून देईल. आणि अपघात न्यायाधिकरण हे फौजदारी कोर्ट नाही. कलम १६९ त्याला थोडक्यात चौकशी करायची मुभा देतं आणि शंकेपलीकडचा पुरावा इथे लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढंच पाहायचं. कंपनीचे वकील हे सांगत नाहीत, आपल्या वकिलाने सांगायला हवं.

तुमच्या घरावर अशी वेळ येऊ नये. आली तर मय्यत दफन करून आल्यावर घरातल्या एका तरुणाने बाजूला होऊन हे करावं: जवळपासचे कॅमेरे शोधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, व्हॉट्सॲपवर नाही, रेकॉर्डिंग जपून ठेवा असं दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी द्यावं, आणि वकिलाकडे पहिल्या महिन्यातच जावं, इद्दत चालू असली तरी. विधवेची सही घरी घ्यावी. अंतरिम आदेश आहे म्हणून निवांत राहू नका, तो अंतरिमच आहे.

अजून एक. जनाज्यानंतर चौथ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस आला होता, ५०,००० रुपये घेऊन. घरातल्या मोठ्यांपैकी एक जण म्हणाले, घेऊन टाका, कोर्टकचेरी करून गेलेला माणूस थोडाच परत येतो, सब्र करा. सब्रच्या नावावर आपण किती हक्क सोडतो, यावर कधीतरी वेगळं लिहीन. थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला कायद्याने सक्तीचा आहे तो याच दिवसासाठी. भरपाई मागणं म्हणजे मय्यतीचे पैसे करणं नव्हे, तीन पोरांची शाळा चालू ठेवणं आहे. खाला तेव्हा इद्दतीत, पडद्याआडून तिने एवढंच विचारलं, “मेरे कू इत्ता बताओ, वो ट्रकवाला रुक्या था क्या?” तो थांबला नव्हता. पैसे परत पाठवले.

खालाचं अपील उच्च न्यायालयात आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूरची प्रकरणं मुंबईऐवजी तिकडे जाऊ लागली, एवढा एक प्रवास कमी झाला. नोव्हेंबरचा आदेश वकिलांनी दाखल केला आहे. मागच्या महिन्यात तारीख होती, दुसऱ्या बाजूने वेळ मागून घेतला आणि तो मिळाला. पुढच्या तारखेला खाला स्वतः यायचं म्हणतेय. मी रजा टाकली आहे.